रद्दी कोण ठरविणार?

समाजवादी चळवळीत वावरणाऱ्या माणसाने काय जपावे आणि काय जपू नये, याविषयी आपल्याकडे एक अलिखित संहिता आहे. अधिवेशनांचे ठराव जपावेत, संपाच्या काळातील पत्रके जपावीत, तुरुंगातून आलेली पत्रे तर अवश्य जपावीत. परंतु एखादा गृहस्थ १९१६ सालचे रशियन चित्रपट-नियतकालिक, अथवा मेरी पिकफर्ड या अमेरिकन नटीवर १९२६ च्या सुमारास मॉस्कोत निघालेली चिमुकली पुस्तिका पदरमोड करून मिळवितो आणि जपून ठेवतो असे कळले, की आपल्या कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक सहिष्णू स्मित उमटते. बिचाऱ्याला छंद आहे, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. जे अधिक कडवे असतात ते स्मितही करीत नाहीत. ते म्हणतात, भांडवली करमणुकीचा हा केरकचरा आहे. क्रांतीने तो झाडून टाकला हे योग्यच झाले. आता तो पुन्हा गोळा करीत बसणे हे रिकामटेकड्या मध्यमवर्गाचे चोचले आहेत.

हे मत चुकीचे आहे, आणि आपल्या चळवळीला घातकही आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्या कागदांना हे मित्र केरकचरा म्हणतात ते कोणी छापले, कोणी वाचले आणि कोणी नष्ट केले, हे आधी पाहू. केरकचरा कशाला म्हणावयाचे ते मग ठरविता येईल.

रशियात तयार झालेला पहिला कथापट ‘स्तेन्का राझिन’ हा ऑक्टोबर १९०८ मध्ये पडद्यावर आला. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९०७ साली, मॉस्कोत ‘सिने-फोनो’ हे नियतकालिक सुरू झाले होते. स्वतःचा कथापट जन्मण्यापूर्वीच चित्रपटाचे नियतकालिक जन्माला आले, ही गोष्ट वरवर विचित्र वाटेल. परंतु त्या वेळी रशियातील थिएटरे पाते आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या मालावर चालत होती, आणि थिएटरमालकांना कोणता माल कोठून भाड्याने मिळेल हे कळण्यासाठी एक व्यापारी पत्रक हवे होते. नावातला ‘फोनो’ हा ग्रामोफोनच्या धंद्यासाठी होता. पुढे अलेक्सांद्र खान्झोन्कोव या उद्योगपतीने ‘वेस्तनिक किनेमातोग्राफी’ आणि १९१५ साली ‘पेगास’ काढले. त्याचा प्रतिस्पर्धी येर्मोल्येव याने त्याच वर्षी ‘प्रोयेक्तोर’ काढले. ही सारी पत्रे मालकांची होती, मालकांच्या मालाची भलामण करीत होती, आणि त्यांना निःस्पृह पत्रकारिता म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही.

मग ती जपावयाची कशासाठी? क्रांतीपूर्व रशियात सुमारे २००० कथापट तयार झाले असे मानले जाते. त्यांपैकी आज उरले आहेत जेमतेम ३००. बाकीचे जळाले, विरघळले, गहाळ झाले. यादवी युद्धाच्या काळात कच्च्या फिल्मचा एवढा दुष्काळ पडला की कुलेशोव आणि त्याचे विद्यार्थी फिल्मवाचून ‘चित्रपट’ रंगमंचावर करून दाखवीत. जे ३०० उरले त्यांतील पुष्कळांच्या मधल्या अक्षरपाट्याच नाहीशा झाल्या आहेत. पडद्यावर एक स्त्री पत्र वाचते, पांढरीफटक पडते, खिडकीकडे जाते. पत्रात काय होते ते सांगणारी पाटी नाही. ते कोठे सापडते? ‘सिने-फोनो’त छापलेल्या कथासारात. थिएटरमालकाला माल खपवावा म्हणून छापलेले हे कथासार आज त्या चित्रपटाचे एकमेव कुलमुखत्यार झाले आहे. वेनियामिन विश्नेव्स्की या अभ्यासकाने क्रांतीपूर्व रशियन कथापटांची जी मोठी सूची १९४५ साली प्रसिद्ध केली, तिच्यामागे या जुन्या नियतकालिकांचा आधार होता. १९८९ साली इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात हे चित्रपट एकत्र दाखविण्यात आले, तेव्हा येव्गेनी बाउअरसारखा दिग्दर्शक पाश्चात्त्य अभ्यासकांना नव्याने भेटला. सात दशके तो कपाटात पडून होता, कारण अधिकृत इतिहासाने सांगून टाकले होते की रशियन चित्रपट १९१७ नंतर सुरू होतो.

या कागदांतून एक मासला देतो. त्या काळच्या रशियन प्रेक्षकाला शेवट शोकान्त लागे. नायिकेने आत्महत्या करावी, नायकाने वेडे व्हावे, निदान कोणीतरी बर्फात एकटे उभे राहावे. परदेशी गिऱ्हाइकाला मात्र गोड शेवट हवा असे. म्हणून काही चित्रपटांना दोन शेवट जोडले जात, एक घरच्यांसाठी आणि एक निर्यातीसाठी. त्या काळच्या चित्रपट-नियतकालिकांत या रशियन हट्टाची चर्चा झालेली आहे. ‘प्रोयेक्तोर’मध्ये १९१६ साली वाद चालू होता तो असा, की रशियन नटाने अमेरिकन नटासारखी धावपळ करावी काय, की संथपणे, जवळजवळ निश्चल राहून मनातले वादळ दाखवावे. ज्या वर्षी आघाडीवर माणसे मरत होती, शहरांत पावासाठी रांगा लागू लागल्या होत्या, त्याच वर्षी थिएटरात बसलेला माणूस शोकान्त शेवट मागत होता. जनमानसाच्या अभ्यासकाला याहून मोलाचा पुरावा कोणता हवा? क्रांतीच्या आदल्या वर्षीच्या ठरावांतून त्या मनाचा एक भाग कळतो. दुसरा भाग कळावयाचा असेल तर हे ‘केरकचऱ्या’चे ढीग उपसावे लागतात.

वेरा खोलोद्नाया ही या काळाची सर्वांत मोठी तारका. १९१५ साली ती तारका म्हणून पुढे आली आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये ओदेसा येथे इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारली. वय अवघे पंचवीस. शहर त्या वेळी फ्रेंच फौजांच्या ताब्यात होते, यादवी युद्ध पेटलेले होते. तरी तिच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून कॅमेरावाले धावले आणि ती अंत्ययात्राच एक चित्रपट झाली. तिचे चित्रपट आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तिच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे मात्र अजून सापडतात, कारण ती कोणा संस्थेने जपली नव्हती. शिंपिणींनी, कारकुनांनी, शाळकरी मुलींनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती.

आता आपल्या कडव्या मित्रांचा खरा मुद्दा घेऊ. ते म्हणतील, हे सारे झारशाहीचे. क्रांतीनंतर या नटीपूजेला जागा उरली नाही. इतिहास नेमका उलटा आहे. ज्या पुस्तिकांमुळे आज संग्राहकांची झोप उडते त्या बहुतेक साऱ्या सोविएत राजवटीत छापलेल्या आहेत. १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘किनोपेचात’ आणि मग तिच्या जागी आलेली ‘तेआकिनोपेचात’ या सोविएत प्रकाशनसंस्थांनी खिशात मावतील अशा, काही कोपेकांना मिळणाऱ्या पुस्तिकांची रांगच लावली. मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स, चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरल्ड लॉइड, आस्ता नील्सेन, कॉनराड फाइट, साहसपटांचा जर्मन नायक हॅरी पील, आणि घरचा इगोर इल्यिन्स्की. नव्या आर्थिक धोरणाच्या त्या वर्षांत सोविएत पडद्यावर परदेशी चित्रपटांचीच चलती होती, आणि त्यांच्या तिकिटांतून येणारा पैसा सोविएत चित्रपटांच्या निर्मितीला हवाच होता. सिनेमा ही सर्व कलांत आपल्यासाठी महत्त्वाची कला आहे, हे लेनिनचे मत लुनाचार्स्कीने नोंदवून ठेवले आहे आणि ते आपण सभांतून वारंवार ऐकतो. पण निव्वळ प्रचारपटांनी थिएटर भरत नाही, कार्यक्रमात करमणुकीलाही वाटा ठेवावा लागतो, हेही १९२२ साली त्यानेच सुचविले होते. हे दुसरे वाक्य सभांतून फारसे ऐकू येत नाही.

या पुस्तिकांकडे नुसते कलेच्या दृष्टीने पाहिले तरी पुरे. प्योत्र गालाद्झेव हा कुलेशोवच्या मंडळीतला नट चित्रपटविषयक प्रकाशनांसाठी चित्रे काढी. ज्या हातांनी क्रांतीची भित्तिपत्रके घडविली त्या पिढीचाच हात या मुखपृष्ठांवर फिरलेला दिसतो: जाड अक्षरे, तिरक्या रेघा, कापून चिकटविलेले छायाचित्र. आणि हा मेळ योगायोगाने जमलेला नव्हता. अलेक्सेई गान याने १९२२ साली ‘किनो-फोत’ हे नियतकालिक काढले. त्याचे सहाच अंक निघाले. पहिल्याच अंकात झिगा वेर्तोवचा तो सुप्रसिद्ध जाहीरनामा आहे, ज्यात नाटकी चित्रपटाला मूठमाती देण्याची भाषा आहे. त्याच ‘किनो-फोत’ने तिसऱ्या अंकात चॅप्लिनला डोक्यावर घेतले, आणि वार्वारा स्तेपानोवाने त्या अंकासाठी चॅप्लिनची काष्ठचित्रे केली. रोदचेन्कोने याच पत्राच्या मुखपृष्ठांचे काम केले. म्हणजे सोविएत कलेतील सर्वांत जहाल मंडळींना एका अमेरिकन विदूषकाचे प्रेम लपवावेसे वाटले नाही. आपले जहाल मित्र त्यांच्याहून अधिक जहाल असतील तर प्रश्नच मिटला.

याहूनही टोचणारी गोष्ट पुढे आहे. चित्रपट-जुळणीच्या ज्या सिद्धान्तावर आइझेन्स्टाइन-पुदोव्किन उभे राहिले, त्याची सुरुवात म्हणून कुलेशोवचा प्रयोग सांगितला जातो: एकाच निर्विकार चेहऱ्याच्या शेजारी सूपाची बशी, शवपेटी असे वेगवेगळे दृश्य ठेवले की प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर भूक किंवा दुःख दिसू लागते. तो चेहरा कोणाचा होता? झारकालीन तारका-पुरुष इवान मोझ्झुखिन याचा, जो १९२० साली देश सोडून निघून गेला आणि परत आला नाही. प्रयोगाची ती फिल्म आज उपलब्ध नाही. कुलेशोवचा पहिला लेख १९१७ साली कोठे छापला गेला? खान्झोन्कोवच्या ‘वेस्तनिक किनेमातोग्राफी’त, म्हणजे मालकाच्या पत्रात. क्रांतिकारी चित्रपटकलेचे बीज असे या केरकचऱ्यात रुजलेले आहे. केर झाडताना बीही गेले असते.

जुलै १९२६ मध्ये पिकफर्ड आणि फेअरबँक्स हे दांपत्य मॉस्कोला आले. ‘बॅटलशिप पोटेम्किन’ पाहून ते भारावले होते. स्टेशनवर त्यांना पाहावयास माणसांचा समुद्र उसळला. ती गर्दी कामगारांच्या राजधानीतील होती, आणि ती एका हॉलिवूडच्या नटीसाठी जमली होती, हे सत्य आपल्या सैद्धान्तिकांना अवघड वाटते. सेर्गेई कोमारोव या दिग्दर्शकाला ते अवघड वाटले नाही. त्याने या भेटीची दृश्ये वापरून १९२७ साली ‘मेरी पिकफर्डचे चुंबन’ हा विनोदपट केला. थिएटरात तिकिटे तपासणारा गोगा पाल्किन (हे काम इल्यिन्स्कीने केले आहे) याच्या प्रेयसीला फेअरबँक्सखेरीज कोणी आवडत नाही. योगायोगाने पिकफर्ड पाल्किनच्या गालाचे चुंबन घेते, गालावर लाल ठसा उमटतो, आणि मग चाहत्यांचा लोंढा त्या बिचाऱ्याच्या मागे लागतो. शेवटी ठसा धुऊन टाकला जातो आणि पाल्किन पुन्हा साधा माणूस होतो. चाहतेपणाची याहून निर्दय आणि तरीही याहून मायाळू थट्टा मी पाहिलेली नाही. थट्टा करणाऱ्याला थट्टेचा विषय ठाऊक होता. त्याने त्या पुस्तिका वाचल्या असणार. आपण नटीपूजेवर टीका करतो ती मात्र न पाहता, न वाचता, नाक मुरडून.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सुखावह नाही. मार्च १९२८ मध्ये चित्रपटविषयक पक्ष-परिषद झाली. कोट्यवधींना कळेल असा चित्रपट हवा, ही मागणी तेथे झाली. मागणीत गैर काही नव्हते. गैर झाले ते हे, की कोट्यवधींना काय आवडते हे त्या कोट्यवधींना विचारण्याची गरज हळूहळू संपली. परदेशी चित्रपट आटले, नटनट्यांच्या पुस्तिका थांबल्या. नियतकालिकाचे नाव १९३१ साली ‘प्रोलेतार्स्कोये किनो’ झाले, १९३३ साली ‘सोवेत्स्कोये किनो’ झाले, १९३६ साली ‘इस्कुस्त्वो किनो’ झाले. पाट्या बदलत गेल्या आणि वाचकाचा आवाज बारीक होत गेला. चित्रपटखात्याचा प्रमुख शुम्यात्स्की याला १९३८ साली गोळी घालण्यात आली. ‘किनो-फोत’ काढणारा गान १९४२ साली त्याच वाटेने गेला. माणसे गेली की त्यांची नावे असलेले अंक ग्रंथालयांच्या बंद कपाटांत जात. सोविएत ग्रंथालयांतील या ‘विशेष संग्रहां’त सामान्य वाचकाला प्रवेश नसे.

घरोघरी काय चालले होते? रोदचेन्कोने स्वतः सजविलेला, उझबेकिस्तानवरील १९३४ सालचा एक ग्रंथ आहे. त्यातील जे पुढारी पुढे ‘शत्रू’ ठरले त्यांचे चेहरे रोदचेन्कोच्या घरच्या प्रतीत शाईने काळे केलेले सापडले. ज्या कलावंताने चेहरे छापले त्याच्याच घरात ते पुसले गेले. ती प्रत जगापुढे आणली डेव्हिड किंग या इंग्रज संग्राहकाने, १९९७ साली. किंग १९७० साली एका वृत्तपत्राच्या कामासाठी मॉस्कोला गेला असता ट्रॉट्स्कीची छायाचित्रे शोधू लागला. सरकारी दप्तरात ट्रॉट्स्की नव्हताच. म्हणून त्याने स्वतः गोळा करावयास आरंभ केला. त्याच्या संग्रहात अडीच लाखांहून अधिक वस्तू झाल्या, आणि तो लंडनच्या टेट या सार्वजनिक संग्रहालयाकडे गेला. हा माणूस कम्युनिझमचा वैरी नव्हता. क्रांतीचा चेहरा क्रांतीच्या नावाने पुसला जाऊ नये एवढाच त्याचा हट्ट होता. संग्राहकाला रिकामटेकडा म्हणण्यापूर्वी आपण हे उदाहरण आठवावे.

पुसून टाकण्याचे काम केवळ दहशतीनेच होते असेही नाही. १९७४ साली सोविएत सरकारने कागदटंचाईवर एक योजना काढली: २० किलो रद्दी आणून द्या आणि एखादे दुर्मिळ, लोकप्रिय पुस्तक विकत घेण्याचे कूपन न्या. अलेक्सांद्र द्युमाच्या कादंबऱ्यांसाठी लोकांनी माळे रिकामे केले. योजना सद्हेतूने आखलेली होती, लोकही वाचनवेडे होते. पण त्या २०-२० किलोंच्या गठ्ठ्यांत आजीच्या पेटीतली कोणती नियतकालिके गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तराजूला ‘सिने-फोनो’ आणि जुनी बातमीपत्रे यांतला फरक कळत नसतो.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळतो, कारण संग्राहकांची आरती ओवाळण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आपल्या मित्रांचा एक आक्षेप रास्त आहे: संग्रह म्हणजे खाजगी मालकी, आणि खाजगी मालकी म्हणजे कुलूप. सोविएत संघ १९९१ साली कोसळल्यावर हे सारे कागद बाजारात आले. स्टेनबेर्ग बंधूंची चित्रपट-भित्तिपत्रके, जी रस्त्यावर खळीने चिकटवून पावसात गळून पडण्यासाठी छापली होती, ती लंडनच्या लिलावांत लाखो रुपयांच्या मोलाने विकली गेली. कामगाराने काही कोपेकांना घेतलेली पुस्तिका आता श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा होते. काही विक्रेते तर अंक फाडून मुखपृष्ठ वेगळे करतात, चौकटीत बसवून विकतात. आतली पाने, म्हणजे कथासार, वाद, वाचकांची पत्रे, जाहिराती, त्यांना नकोच असतात. कडव्या क्रांतिकारकाला आतला मजकूर भांडवली वाटतो म्हणून नको, आणि भांडवलदाराला तो भिंतीवर टांगता येत नाही म्हणून नको. दोघांच्या हाती पाने फाटतात, आणि हे दोघे एकमेकांचे वैरी म्हणून मिरवतात, ही मोठी गंमत आहे.

विद्वानांचा बाजारही याला अपवाद नाही. क्रांतीपूर्व रशियन चित्रपट-नियतकालिकांचे संच हॉलंडातील लायडेनच्या प्रकाशनसंस्थेने सूक्ष्मपटावर आणि पुढे संगणकावर आणले. काम उत्तम झाले, यात शंका नाही. पण ते विक्रीस आले ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी, आणि त्या ग्रंथालयांची दारे कोणासाठी उघडी असतात हे आपणांस ठाऊक आहे. खुद्द मॉस्कोत काय घडले? १९८९ साली स्थापन झालेल्या चित्रपट-संग्रहालयाला नाउम क्लेइमान यांनी लोकांचे विद्यापीठ बनविले होते. तरुण तेथे रोज स्वस्तात जुने चित्रपट पाहत. २००५ च्या अखेरीस त्या संग्रहालयाला क्रास्नाया प्रेस्न्या भागातील आपली जागा सोडावी लागली, जागेच्या मालकीच्या व्यवहारांमुळे. वर्षानुवर्षे संग्रह बेघर राहिला. २०१४ साली क्लेइमान यांनाच पदावरून दूर करण्यात आले. नव्या जागेत संग्रहालय उघडले ते २०१७ साली. १९०५ सालच्या उठावात ज्या क्रास्नाया प्रेस्न्यातील कामगारांनी मोर्चे बांधले, त्याच वस्तीत जमिनीच्या भावाने ही लढाई जिंकली.

म्हणून माझी भूमिका स्पष्ट आहे. या कागदांची मालकी कोणाची, हा प्रश्न राजकीय आहे. राज्याने कपाटाला कुलूप लावले तेव्हा संग्राहकाने ते वाचविले, त्याचे ऋण मान्य करावे. पण संग्राहकाने नवे कुलूप लावले तर ते तोडण्याची मागणी आपणच केली पाहिजे: मूळ प्रत खुशाल त्याच्याकडे राहो, तिची संपूर्ण नक्कल, मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, कोणाही वाचकाला विनामूल्य मिळावी. एवढी मागणी करावयास समाजवादी चळवळच संकोचली तर ती करणार कोण?

आणि ही परकी कहाणी आहे असे समजू नये. १९५४ साली राज कपूरचा ‘आवारा’ सोविएत संघात गेला, तेव्हा त्याची ६ कोटींहून अधिक तिकिटे खपली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारख्या पुरोगामी लेखकाच्या लेखणीतून उतरलेली ही कथा. पण हिंदी चित्रपटांवर जीव टाकणाऱ्या त्या प्रेक्षकांची तेथील कित्येक समीक्षकांनी पुढे टिंगलच केली. अश्रू, गाणी आणि गोड शेवट त्यांना उथळ वाटले. १९२६ साली पिकफर्डच्या चाहत्यांना जे ऐकावे लागले तेच राज कपूरच्या चाहत्यांना ऐकावे लागले. श्रमिकाच्या हाती सत्ता द्यावी, पण त्याने पाहावे मात्र आम्ही निवडलेले, असा हा न्याय आहे.

आपल्याकडची गत तर अधिक वाईट. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी जेमतेम तीसच्या आसपास उरले, तेही पुष्कळसे तुकड्यांत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) नाहीसाच झाला. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून जे मिळेल ते मिळविले. तरी २००३ साली पुण्यातील चित्रपटसंस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिल्मा भस्मसात झाल्या. मग या चित्रपटांची माहिती आली कोठून? थिएटरबाहेर दोन-चार पैशांना विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांतून. हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी कानपुरात बसून हिंदी चित्रपटगीतांचा जो अवाढव्य कोश उभा केला, त्याचा पाया या चोपड्या आणि त्या जपणारे सामान्य रसिक हेच होते. ‘सिने-फोनो’चे कथासार आणि आपली चोपडी ही सख्खी भावंडे आहेत, आणि दोन्ही रद्दीवाल्याच्या तराजूत सारख्याच वजनाने गेली.

रशियन कागदांशी आपला आणखी एक संबंध आहे, तोही सांगून टाकतो. ‘सोविएत लँड’ आणि त्याच्या भारतीय भाषांतील आवृत्त्या, तसेच ‘सोविएत फिल्म’चे अंक, महाराष्ट्रातील गावोगावच्या वाचनालयांत आणि पक्षशाखांत येत असत. गुळगुळीत, रंगीत कागद. ते वाचले किती गेले ठाऊक नाही, परंतु शाळेच्या वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्यासाठी त्यांचा फार उपयोग झाला. एका पिढीची अंकगणिते सोविएत नट्यांच्या छायाचित्रांत गुंडाळलेली होती. यांपैकी काही गठ्ठे अद्याप आपल्या शाखांच्या, वाचनालयांच्या, दिवंगत कार्यकर्त्यांच्या घरच्या माळ्यांवर निश्चित पडून असतील. जिल्हा शाखांना माझी विनंती आहे की यंदाच्या साफसफाईत रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक वही घ्यावी, आणि अंकाचे नाव, वर्ष, क्रमांक, किती पाने शाबूत आहेत आणि मुखपृष्ठ आहे की कोणी कापून नेले, एवढे लिहून काढावे. गाण्यांच्या चोपड्या, जत्रेतल्या तंबू-सिनेमाची हस्तपत्रके, नटनट्यांची पोस्टकार्डे सापडली तर त्याच वहीत वेगळे पान करावे. ज्या शाखेत छायाचित्रे काढू शकणारा तरुण कार्यकर्ता असेल, तेथे पानन् पान टिपून घ्यावयास दोन रविवार पुरतील.